अबोतरेला तीनदा विचारलं

मामाने प्यूजो गाडी थेट माझ्या पावाच्या टेबलात घातली. भर रविवारी, चर्च सुटल्यावर, अख्ख्या म्प्रायेसो गावाच्या डोळ्यांदेखत. बावीस पाव रस्त्यावर. ताजे, गोड, अजून हाताला चटके देणारे. मामा खाली उतरला, पावांकडे ढुंकूनही न बघता आधी बंपरवरून हात फिरवला आणि म्हणाला, "हे टेबल काल इथं नव्हतं."

"एकोणीस वर्षं आहे इथं!" मी ओरडले.

"मग पुढं सरकवलंस तू. तुला रस्ता खायची सवयच आहे, दान्सोवा."

लोक हसले. मीही हसले असते. पण मामा पाव उचलायला वाकला आणि त्याचा हात पावाशेजारच्या दगडावर पडला. तो दगड त्याने झटकला, फुंकर मारली आणि माझ्या टोपलीत ठेवला. मी टोपली उचलली आणि घरी आले.

क्वासी ओन्यिना, माझ्या आईचा धाकटा भाऊ, वय एक्याऐंशी. बारा वर्षांचा असताना बेडफर्ड लॉरीवर मेट म्हणून चढला. मेट म्हणजे लॉरीच्या मागे लोंबकळत गावांची नावं ओरडणारा, आणि चढावर लॉरी मागे घसरायला लागली की खाली उडी मारून चाकामागे लाकडी ठोकळा सारणारा. पायथ्याच्या न्कॉकॉहून वर आमच्या क्वाहूच्या डोंगरावर येणारा घाट ज्याने बघितलाय, त्याला त्या ठोकळ्याची किंमत विचारा. विसाव्या वर्षी मामा त्याच लॉरीचा ड्रायव्हर झाला आणि चाळिशीत मालक. तिच्या कपाळावर निळ्या अक्षरांत लिहिलंय, अबोतरे. म्हणजे धीर.

बाकीच्या चार गाड्या मामाने काही शोधून आणल्या नाहीत. भटकी मांजरं येतात तशा त्या दारात आल्या. एका मास्तरांनी निवृत्त होताना मॉरिस मायनर आणून सोडली, "ओन्यिना, हिला भंगारात घालायला हात होत नाही रे," म्हणून. डॉक्टरीणबाई वारल्या तेव्हा त्यांची प्यूजो कुणालाच नको होती. मग मिशनची फोक्सवागन आली, आणि एका टॅक्सीवाल्याची डॅटसन, जिचा गिअर काढला तर थेट हातातच यायचा. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं! मामी होती तोवर म्हणायची, "माझा नवरा माणसांना नाही म्हणतो, पण इंजिनाला नाही म्हणत नाही."

आता मामा शहाणा. पाची जणींना सारखं वागवायचा. दर रविवारी चर्चला एकीचा नंबर. त्यामुळे गावात तारीख कुणी सांगायचंच नाही. "बारसं कधी आहे?" "येत्या फोक्सवागनच्या रविवारी." "आणि बटाटे कधी परत देणार?" "मॉरिसच्या रविवारनंतर." पाद्रीसुद्धा एकदा व्यासपीठावरून तसंच बोलून गेले आणि मग खोकत बसले. गावातली निम्मी पोरं इस्पितळातून प्यूजोत बसून घरी आली आहेत. माझी दोन्हीही.

तरी मी त्या गाड्यांना भंगारच म्हणायची, तोंडावर. कारण त्यांची शेड बरोबर माझ्या भट्टीच्या मागे. ती जागा मिळाली असती तर मी दुसरी भट्टी घातली असती. वर्षानुवर्षं मी त्या शेडकडे बघून मनात विटा रचल्या होत्या. मामाला ते ठाऊक होतं. तो म्हणायचा, "माझ्या प्रेतावर भट्टी घाल." मी म्हणायची, "मग पाव कोण खाणार?"

टेबलाच्या प्रकरणानंतर डॉक्टरांनी सांगितलं, डोळे गेले, आता गाडी चालवायची नाही. मामाने किल्ल्या काढून खिशात घातल्या आणि शेडमध्ये जाऊन बसला. हॅम्बुर्गहून त्याच्या मुलीचा फोन आला. "बाबा, विकून टाका आणि मोकळे व्हा." मामा म्हणाला, "हो." मग दुसऱ्या दिवशीही "हो." तिसऱ्या दिवशी त्याने फोनच फोक्सवागनच्या बोनेटखाली ठेवून दिला.

"मामा, काहीतरी ठरव," मी म्हटलं. "तुझ्यामागे यांचं काय?"

"तेच तर बघतोय."

"बघतोयस? दिसतंय कुठं तुला?"

बोलून गेले आणि जीभ चावली. पण मामा खो खो हसला. त्याच्या शेजारी सुलेमाना फिटर बसला होता, तोही हसला. सुलेमाना उत्तरेकडच्या तामालेचा, चाळीस वर्षं मामासोबत याच शेडमध्ये. दोघं एकमेकांना शिव्या दिल्याशिवाय पाणी पीत नाहीत. पण हसून झाल्यावर मामा हळूच म्हणाला, "कुणाला तरी द्यायच्या. एवढंच हवं की त्या चालत राहाव्यात. उभी गाडी मरते, दान्सोवा." पाच रविवार असेच गेले, बिननावाचे. लोकांची बारसी लांबली.

मग ईस्टर आला. ईस्टरला आमच्या डोंगरावर पाय ठेवायला जागा नसते. आक्रा शहरातले सगळे क्वाहू लोक घरी येतात, आणि ज्यांचं इथं कुणी नाही तेही पाठीला कापड बांधून कड्यावरून उड्या मारायला येतात. शुक्रवारी दुपारी मामा आणि सुलेमाना न्हाव्याकडे गेले होते. माझ्या अंगावर पिठाचा थर, भट्टीत शंभर पाव, बाहेर रांग. तेवढ्यात एक उंच, नीटनेटके गृहस्थ आले. ओदार्तेई नाव, आक्राचे, हॉटेलवाले.

"ओन्यिनाबाबांच्या गाड्यांसाठी आलोय," ते म्हणाले आणि श्नॅप्स दारूची बाटली दोन्ही हातांनी पुढे केली. "घरातल्या कुणीतरी घ्यावी."

पाव करपायला लागले होते. मी बाटली घेतली, कपाटात टाकली आणि म्हटलं, "घेतली हो, घेतली. आमच्या घराकडून आभार."

त्या माणसाचा चेहरा असा खुलला की काय सांगू. हात जोडून गेला. मी पाव काढले. सातवा पाव काढताना माझा हात थांबला.

अगं बये, काय केलंस तू हे!

आमच्यात शेंबडं पोरसुद्धा जाणतं. बाटली घेतली आणि आभार मानले की शब्द गेला. जमीन असो, बैल असो, पोरगी असो. कागद नंतर येतो, आला तर. मी उभ्या उभ्या मामाच्या पाची गाड्या देऊन बसले होते. आणि खरं सांगते, लपवून काय करू, क्षणभर डोळ्यांसमोर दुसरी भट्टी आली. नवी, विटांची. मग मलाच माझी लाज वाटली.

मामा गुळगुळीत डोकं करून परतला तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं ओरडेल. तो ओरडला नाही. सुलेमानाच ओरडला.

"उचलली जीभ लावली टाळ्याला! चाळीस वर्षं मी या पोरींना तेल पाजतोय आणि तू त्यांना पावाच्या रांगेत वाटून टाकल्यास?"

"मग मला बाटली परत करू दे! आत्ता जाते!"

"परत?" मामा म्हणाला. "ओन्यिनाचं घर दिलेला शब्द परत घेतं, हे ईस्टरच्या शुक्रवारी सगळ्या डोंगराने ऐकायचं?" तो भिंतीला टेकला. बोटांनी किल्ल्या चाचपत राहिला. मग एकदम म्हणाला, "झाकण फोडलंस का?"

"नाही."

"आण इकडे." त्याने बाटलीच्या गळ्यावरून बोट फिरवलं आणि त्याचा चेहरा उजळला. "मग ही तर नुसती दार ठोठावायची बाटली आहे. पोरगी मागायला आलेत. पण पोरीला तीनदा विचारल्याशिवाय झाकण फोडतो का आपण? सुलेमाना, बाटली तू सांभाळ. तू एकटाच पीत नाहीस."

"आणि पोरगी बोलणार कशी?" मी विचारलं.

"जशी रोज बोलते तशी."

शनिवारी सकाळी अंगण भरलं. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं, पण लग्नाचा वास क्वाहूला लगेच येतो, विशेषतः जेवण फुकट असेल तर. सुलेमानाने पाची गाड्यांवर केंटेचं सणासुदीचं रंगीत कापड टाकून त्यांना नवऱ्या केल्या होत्या. ओदार्तेई साहेब आपला मेकॅनिक घेऊन आले. सुलेमानाने त्यांना सगळ्यांदेखत समजावलं, "हे बघा जावईबापू, थोरलीला विचारायचं. थोरली हो म्हणाली तर धाकट्या पाठोपाठ येतील. तुमच्या माणसाने बसायचं, मी तीनदा विचारीन, तिने उत्तर द्यायचं. तिन्ही वेळा गप्प राहिली, तर बाटली उचला आणि जेवून जा."

मला वाटलं ते रागावतील. पण त्यांच्या आक्राकडच्या गा लोकांतही मागणीची रीत तीच. त्यांनी गुडघ्यावर हात मारला. "आमच्या आजोळी तर मला चार तास उन्हात उभं करतील. चला, मान्य!"

माणूस वाईट नव्हता. मी त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, "नेऊन ठेवणार कुठं यांना?"

"काचेचा हॉल बांधलाय, बाई. थंडगार. संगमरवरी फरशी. धुळीचा कणही बसणार नाही. आधी सगळं तेल काढून घेऊ, म्हणजे फरशीला डाग नकोत."

"तेल काढून?"

"मग काय, चालवायच्या थोड्याच आहेत."

शेजारी मामा उभा होता. त्याने ते ऐकलं. तो अबोतरेच्या मडगार्डवर हात ठेवून उभा राहिला. मला त्या मडगार्डवर डोकं टेकून रडावंसं वाटलं. या भंगारासाठी! मी!

सुलेमानाने कापड ओढलं. बायकांनी आरोळ्या ठोकल्या. मेकॅनिक वर चढला. पोरगा हुशार होता, नवी बॅटरी घेऊन आला होता.

"अबोतरे," सुलेमाना खड्या आवाजात म्हणाला, "हे आक्राचे लोक तुला मागतायत. बाटली फोडू का?"

पोराने चोक ओढला, पाय दाबला, स्टार्टर दिला. घर्र, घर्र, घर्र. गप्प.

"लाजली!" मागून कुणीतरी म्हणालं.

"अबोतरे, दुसऱ्यांदा विचारतोय. फोडू का?"

पोराने घाईघाईने पाय चार वेळा दाबला. पेट्रोलचा वास अंगणभर झाला. घर्र, घर्र. पुन्हा गप्प. तिसऱ्या वेळी तर तिने घर्रसुद्धा केलं नाही, नुसतं टक् केलं, जसं माझी आत्या जीभ चिकटवून करायची, नको असलेलं स्थळ आलं की. अंगणात असा हशा उठला की माझ्या कोंबड्या कुंपणाबाहेर गेल्या.

ओदार्तेई साहेबही हसले. डोळे पुसले. मग म्हणाले, "बाबा, हरलो. पण एक विचारू? राग नको. तुमच्यामागे यांना चालवणार कोण?"

हशा थांबला. सुलेमाना जमिनीकडे बघत राहिला. तेवढाच तर प्रश्न होता, आणि तो परक्या माणसाने भर अंगणात विचारला होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांवर नाही, त्या शांततेवर. मी ॲप्रन काढला. "सरक रे," मी त्या पोराला म्हटलं आणि वर चढले. मी तिथं शेवटची बसले होते तेव्हा सतरा वर्षांची होते. मामानेच शिकवलं होतं. आजही भट्टीची व्हॅन मीच घाटातून चालवते, पण अबोतरेचं चाक वेगळं. ते हातात धरावं लागत नाही, कवेत घ्यावं लागतं.

"सगळे गप्प बसा!" मी ओरडले. "तिच्या कपाळावर काय लिहिलंय ते वाचता येत नाही का कुणाला?"

पेट्रोल जास्त झालेलं. तिला बुडवलं होतं त्या पोराने. मी चोक आत ढकलला, पाय तळापर्यंत दाबला आणि तसाच धरून ठेवला. आणि मामाने शिकवलं होतं तसं केलं. "आमच्या स्वर्गातल्या बापा" ही प्रार्थना म्हणायची, सावकाश, एकही शब्द न गिळता, तेवढ्यात जास्तीचं पेट्रोल उडून जातं. अंगण चिडीचूप. कुणीतरी खोकलं तर सुलेमानाने त्याला टपली मारली. "आमेन" म्हटलं आणि स्टार्टर दाबला.

अबोतरे खोकली. थरथरली. मग अशी गरजली की माझे दात वाजले, आणि मागून काळा धूर केंटेवर गेला. बायका नाचायलाच लागल्या. आणि मी, पन्नास वर्षांची बाई, चाकावर डोकं ठेवून हसतही होते आणि रडतही होते.

सुलेमाना इंजिनाच्या वर आवाज काढून ओरडला, "काखेत कळसा, ओन्यिना! काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

मामा दाराशी आला. वर बघत होता, माझ्या थोडं डावीकडे. "कोण आहे तिथं?"

"मी आहे, मामा. दान्सोवा."

"माहितेय. प्रार्थनेत 'रोजची भाकर'ला तू नेहमीच जोर देतेस." त्याने किल्ल्यांचा जुडगा काढला. "तुला तर भंगार हवं होतं ना गेलेलं? भट्टी घालायची होती."

"घालीन कुठंतरी. अंगण काय लहान आहे?" मी म्हटलं. "यांचं तेल कुणी काढायचं नाही, मामा. मी सांगून ठेवते. कुणी काढायचं नाही."

"मग घे. पाचीच्या पाची. माझ्या बहिणीच्या पोरीला देतोय, सगळ्यांनी ऐका!"

आता घेतल्यावर आसेदा द्यावी लागते, म्हणजे आभाराची बाटली, साक्षीदारांसमोर. त्याशिवाय दान पक्कं होत नाही. माझ्या घरात होतं काय? पीठ आणि खमीर. मी इकडे तिकडे बघितलं. लोक कुजबुजायला लागले. तेव्हा ओदार्तेई साहेब सुलेमानाकडे गेले, आपली बाटली त्याच्या काखेतून काढली आणि वर माझ्या हातात दिली.

"घ्या बाई. तुम्ही काल फार घाईत आभार मानलेत. आज सावकाश माना."

मी खाली उतरले. गुडघा टेकला, दोन्ही हातांनी बाटली मामाच्या हातात दिली आणि म्हटलं, "मामा, घेतलं. आभार." तेच शब्द, एका दिवसाच्या अंतराने. मामाने स्वतः झाकण फोडलं. पहिला घोट जमिनीवर, लॉरीच्या जुन्या मालकासाठी, मामीसाठी, माझ्या आईसाठी. उरलेली क्वाहूंनी कशी संपवली ते विचारू नका.

जेवताना साहेब सारखे मॉरिसकडे बघत होते. शेवटी कळलं, त्यांचे वडील शाळामास्तर, अशाच मॉरिसमधून त्यांना शाळेत न्यायचे. मी मामाकडे गेले. "मामा, आता मालकीण मी ना?"

"झाली का सुरुवात?"

"पाच जणींना पोसायची ताकद नाही माझी. मॉरिस देते मी यांना. पण काचेत नाही. चालवायची. आणि दर ईस्टरला माहेरी आणायची, स्वतः चालवत, घाट चढून."

मामाने मॉरिसच्या दिशेने मान वळवली. मग म्हणाला, "दुसऱ्या गिअरला जरा हट्टी आहे, सांग त्यांना." साहेबांनी मॉरिसची किल्ली छातीशी धरली आणि माझ्यासमोर असे वाकले की मलाच लाज वाटली. जावईबापू हे नाव मात्र त्यांना कायमचं चिकटलं.

आमच्यात कालच्या दानाचे आभार आज सकाळी पुन्हा जाऊन मानायचे असतात. ईस्टरच्या रविवारी मी पांढरा काबा, म्हणजे आमचा सणाचा पोशाख, घालून मामाच्या दारात उभी राहिले. "मामा, कालचे आभार मानायला आले."

"चालत आलीस?"

"मग काय?"

"चार गाड्यांची मालकीण आणि चालत आली!" तो आधीच तयार होता. नवा सदरा, गुळगुळीत डोकं, आणि हातात काय, तर तो जुना लाकडी ठोकळा. कुठून काढला देव जाणे. "चल, चर्चला उशीर होतोय. ड्रायव्हर तू. मी मेट."

"मामा, वय बघ तुझं."

"मेटला वय नसतं. गाडी काढ."

मी प्रार्थना म्हटली, अबोतरे सुरू झाली. मामा माझ्या बाजूला बसला, ठोकळा मांडीवर, स्वतः अर्धा खिडकीबाहेर. मागे लॉरी अख्खी रिकामी. पण मेट कधी खरं बोललाय का? वळणावर लोक दिसले, म्हणजे त्यांचे आवाज त्याला ऐकू आले, तसा तो सत्तर वर्षांपूर्वीसारखा ओरडला, "चर्च! चर्च! चर्च! एकच जागा उरली! एकच!"

लोक धावत आले. हसत, एकमेकांना ढकलत, टोप्या सावरत वर चढले, पंधरा, वीस, तीस. कुणीतरी मागून हाक मारून विचारलं, "ओन्यिना, आज कुठला रविवार?"

"अबोतरेचा!" मामाने सांगितलं आणि दारावर दोनदा थाप मारली. "चल, ड्रायव्हर."

मी क्लच सोडला.